विनोदाचा कपडेपट

अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी मालिकांचा इतिहास सांगताना आपण लेखकांची आणि नटांची नावं घेतो. ते योग्यच आहे. पण १९५१ ते १९७७ या काळातल्या गाजलेल्या मालिका एकापुढे एक ठेवून पाहिल्या, तर वाहिन्यांचे अधिकारी आणि प्रायोजक यांनी सर्वांत चिवट भांडणं कुठल्या गोष्टींवरून केली हे लक्षात येतं. ती वारंवार कपड्यांवरून झाली. गृहिणीने पँट घालावी का, पोटुशी बाई पडद्यावर कशी दिसावी, मोटरसायकलवाल्या पोराने चामडी जाकीट घालावं का, अशा प्रश्नांवर मोठमोठ्या कंपन्यांच्या बैठका होत होत्या. याला त्या काळाचा सोवळेपणा म्हणून सोडून देता येईल, पण ते अपुरं ठरेल. या मंडळींना एक गोष्ट नीट कळली होती आणि समीक्षकांनी तिची म्हणावी तशी दखल घेतली नाही, असं माझं मत आहे. पात्र काय करू शकेल आणि त्याला काय कधीच करता येणार नाही, याची हद्द विनोदी मालिकेत कपडा आखून देतो. पात्राला सजवणं हे त्याचं दुय्यम काम. हद्द बदलायची असेल तर आधी कपडा बदलावा लागतो, म्हणून भांडण कपड्यावर येऊन ठेपत होतं.

हे सिटकॉमच्याच, म्हणजे अशा विनोदी मालिकेच्याच, बाबतीत इतकं खरं का, हे तिच्या बांधणीत दडलेलं आहे. चित्रपटातला माणूस दोन तासांत बदलतो आणि त्याचा पोशाख त्या बदलाची खूण म्हणून वापरता येतो. सिटकॉममधला माणूस बदलत नाही. तो दर आठवड्याला त्याच दारातून त्याच खोलीत येतो, पंचवीसेक मिनिटांत घोटाळा करतो आणि शेवटी होता तिथे परत येतो. 'लीव्ह इट टू बीव्हर' ही मालिका १९५७ ते १९६३ या सहा वर्षांत २३४ भाग चालली, म्हणजे वर्षाला ३९. या वेगात पात्राची ओळख दर वेळी नव्याने करून द्यायला कुणाला सवड नव्हती. लेखक बदलत, दिग्दर्शक बदलत, पण कपडेपटात टांगलेला पोशाख तोच राही. त्यात पडदा लहान आणि कृष्णधवल, चित्र ५२५ रेषांचं. बारीक नक्षी त्यावर थरथरे आणि पांढराशुभ्र शर्ट डोळ्यांवर येई. 'आय लव्ह ल्यूसी'चे छायालेखक कार्ल फ्रॉइंड हे जर्मन मूकपटांच्या काळापासून मुरलेले. त्यांनी सेटसुद्धा करड्या छटांमध्ये रंगवून घेतला होता. अशा चित्रात रंग हाताशी नसतो, कापडाचा पोतही जेमतेम दिसतो. उरतो तो आकार. घेरदार झगा, ताठ कॉलर, मोठी गाठ मारलेला बो, एवढ्यावरच पात्र ओळखावं लागतं.

ल्यूसीचंच उदाहरण आधी घेऊ. 'आय लव्ह ल्यूसी' १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएसवर सुरू झाली. तीन कॅमेरे, समोर बसलेले प्रेक्षक आणि फिल्मवर चित्रीकरण, ही सिटकॉमची रीत तिच्यामुळे रूढ झाली. १९५२ साली ल्यूसीचं काम करणारी ल्यूसिल बॉल गरोदर राहिली. ते मालिकेत घ्यायचं असं तिने आणि तिचा नवरा देसी आर्नाझ याने ठरवलं, तेव्हा वाहिनी आणि प्रायोजक सिगारेट कंपनी दोघंही बिचकले. तिला खुर्च्यांमागे उभं करून पोट झाकता येणार नाही का, इथपर्यंत सूचना आल्या. आर्नाझने हट्ट सोडला नाही. अखेर सीबीएसने 'प्रेग्नंट' हा शब्द वगळायला लावला, संहिता धर्मगुरूंच्या नजरेखालून जाऊ लागल्या आणि पडद्यावर दिसणारी गरोदर बाई सैल, घेरदार अंगरख्यांत आली. हे अंगरखे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत. ते पोट लपवत नाहीत, पण शरीराला एका मोठ्या, बालिश आकारात बसवतात. गळ्याशी बो, खाली तंबूसारखा घेर. एरवी अंगावर पीठ उडवून घेणारी, द्राक्षाच्या पिंपात उतरणारी ल्यूसी या कपड्यांत थोडी खेळण्यातल्या बाहुलीसारखी दिसते आणि त्यामुळे तिचा वेंधळेपणा गरोदरपणातही शाबूत राहतो. बाळ जन्मल्याचा भाग १९ जानेवारी १९५३ रोजी दाखवला गेला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी झालेल्या आयझेनहॉवर यांच्या शपथविधीला इतके प्रेक्षक लाभले नाहीत. शब्दाला बंदी असताना ही गोष्ट देशभर पोचली, कारण ती कपड्याने सांगितली होती.

इथे एक सबळ आक्षेप येतो आणि त्याला बगल देण्यात अर्थ नाही. कपड्यामागे दर वेळी विचार असतोच असं कशावरून? 'लीव्ह इट टू बीव्हर'मधली आई जून क्लीव्हर गळ्यात मोत्यांची माळ आणि पायांत उंच टाचेचे बूट घालून घरकाम करते. पुढे अमेरिकेत स्त्रीवादी चर्चा सुरू झाली तेव्हा ही माळ पन्नाशीच्या दशकातल्या खोट्या, गुळगुळीत गृहिणीचं प्रतीक ठरली. पण जूनचं काम करणाऱ्या बार्बरा बिलिंग्जली यांनी मुलाखतींत सांगितलेलं कारण अगदी साधं होतं. त्यांच्या गळ्याला खळगा होता, कॅमेऱ्यात तिथे सावली पडे, ती झाकायला मोती. सुरुवातीला त्या सपाट चपला घालत, पण मुलांचं काम करणारी पोरं भराभर उंच होऊ लागली, आई त्यांच्यापुढे बुटकी दिसू नये म्हणून टाचा आल्या. म्हणजे समीक्षकांनी ज्यात विचारसरणी शोधली तो निव्वळ प्रकाशयोजनेचा आणि उंचीचा प्रश्न होता. मग पात्र कपड्याने घडतं हा दावा कोसळतो का? मला वाटतं, उलट तो पक्का होतो. हेतू तांत्रिक असला तरी परिणाम तांत्रिक राहिला नाही. माळ घालून व्हॅक्यूम क्लीनर फिरवणाऱ्या बाईला घामेजता येत नाही, फरशीवर फतकल मारता येत नाही, चिडून पाय आपटता येत नाही. आठवड्यामागून आठवडे ती अशीच दिसल्यावर लेखकही तिला तसंच वागायला लावतात. सावली झाकण्यासाठी आलेल्या मोत्यांनी एका आईचा स्वभाव ठरवला, आणि तो ठरवावा असं कुणाच्याही मनात नव्हतं. मोत्यांच्या ताकदीचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

या पार्श्वभूमीवर ३ ऑक्टोबर १९६१ रोजी सुरू झालेला 'द डिक व्हॅन डाइक शो' पाहायला हवा. लेखक कार्ल रायनर यांनी न्यू रोशेल या उपनगरातल्या आपल्या आयुष्यावर तो बेतला होता. रॉब पेट्री टीव्हीसाठी विनोद लिहितो, त्याची बायको लॉरा ही पूर्वाश्रमीची नर्तिका. लॉरा झाली मेरी टायलर मूर, तेव्हा अवघी चोविशीची आणि स्वतः नृत्यात तयार झालेली. तिने घरातल्या प्रसंगांसाठी घोट्याच्या वर संपणारी, पायाला बसणारी काप्री पँट आणि सपाट बूट निवडले. तिचं म्हणणं सरळ होतं: माझ्या ओळखीतली कुठलीही बाई फुलाफुलांचा घेरदार फ्रॉक आणि टाचेचे बूट घालून घर झाडत नाही, सगळ्या पँट घालतात. प्रायोजकांना ते पटलं नाही. त्यांचा आक्षेप आज वाचताना अवघडल्यासारखं होतं, कारण तो फारच नेमका होता. पँटचं कापड मागच्या बाजूला खालून किती आत वळतं, शरीराचा आकार किती स्पष्ट करतं, हे त्यांनी मोजायला घेतलं. तडजोड अशी झाली की एका भागात एकाच प्रसंगात पँट, आणि तीही जरा ढिली दिसेल अशी. काही आठवडे हा नियम पाळला गेला. मग पँट हळूहळू दुसऱ्या प्रसंगात आली, तिसऱ्यात आली, आणि प्रेक्षकांकडून, विशेषतः बायकांकडून, तक्रार येत नाही हे दिसल्यावर मोजणंच बंद पडलं.

या पँटने केलं काय? लॉरा आधुनिक दिसली, हे खरं आहे, पण वरवरचं आहे. पँटमुळे लॉराला पाय मिळाले. घेरदार झग्यातली आई कमरेखाली एक घंटा असते, ती खोलीत सरकते. लॉरा सोफ्याच्या हातावर बसू शकते, पाय पोटाशी घेऊ शकते, पाहुणे जमले की दिवाणखान्यात नवऱ्याबरोबर नाचू शकते, रडताना सगळं अंग आक्रसून घेऊ शकते. रॉब झालेला डिक व्हॅन डाइक हा शरीराने विनोद करणारा नट. त्याच्या धडपडीला शरीरानेच उत्तर देणारी बायको समोर असल्याशिवाय ते लग्न बरोबरीचं दिसलं नसतं. ती पूर्वी नाचत असे हे संवादातून पुन्हा पुन्हा सांगावं लागलं नाही, ते तिच्या चालण्यात होतं, आणि चालणं दिसत होतं ते पँटमुळे. नवराबायकोंना एकमेकांविषयी ओढ आहे, हे त्या काळी वेगळे पलंग दाखवणाऱ्या टीव्हीवर या मालिकेने जसं सहज दाखवलं, त्यात या पँटचा वाटा मोठा आहे. प्रायोजकांना नेमकी हीच भीती होती. त्यांचा अंदाज चुकला नव्हता, फक्त प्रेक्षक त्यांच्यापुढे गेले होते.

यावर कुणी म्हणेल, पँट तर ल्यूसीनेही घातली होती, मग लॉराचं एवढं काय? ल्यूसीने पँट घातली होती हे बरोबर आहे. पण ल्यूसीकडून काहीतरी विचित्रच होणार, हे प्रेक्षकांनी आधीपासून गृहीत धरलेलं असे. ती सोंगं घेई, वेषांतर करी, पुरुषांच्या कामात घुसे. तिच्या अंगावर काहीही चढलं तरी घरातल्या बाईची नेहमीची प्रतिमा धोक्यात येत नव्हती. लॉराच्या पँटला कारण नव्हतं. ती कुठल्या घोटाळ्यासाठी घातलेली नव्हती, मंगळवारी दुपारी घरात असताना घातलेली होती. विनोदी मालिकेत सोंगाचा कपडा आणि सवयीचा कपडा यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. सोंग भाग संपला की उतरतं, सवय पुढच्या आठवड्यात परत येते. वाहिन्यांनी सोंगाला कधी फारशी हरकत घेतलेली दिसत नाही, त्यांची करडी नजर सवयीवर होती.

साठीच्या दशकाच्या मध्यावर रंग आला आणि कपडेपटाचं गणित बदललं. १९६६च्या हंगामापर्यंत तिन्ही मोठ्या वाहिन्यांचे संध्याकाळचे कार्यक्रम रंगीत झाले होते. 'गिलिगन्स आयलंड'मध्ये नाविक गिलिगनचा लाल शर्ट आणि कप्तानाचा निळा ही सुटसुटीत वाटणी रंगात फारच सोयीची ठरली. 'आय ड्रीम ऑफ जीनी'मधल्या जीनीचा गुलाबी पोशाख घरोघर पोचला आणि तिची बेंबी झाकली जाते की नाही यावर एनबीसीचा पहारा बसला. त्यात फार खोल जाण्यासारखं काही नाही. रंगाचा खरा विचार झाला तो रंग नाकारताना, १२ जानेवारी १९७१ रोजी सुरू झालेल्या 'ऑल इन द फॅमिली'त. निर्माते नॉर्मन लिअर यांना ही मालिका कृष्णधवल हवी होती. सीबीएसने रंगाचा आग्रह धरला. तेव्हा सेट आणि वेशभूषाकार रिटा रिग्ज यांचे कपडे मुद्दाम मातकट, फिकट छटांमध्ये ठेवले गेले, जणू जुन्या कौटुंबिक अल्बममधला पिवळट फोटो. कुटुंबप्रमुख आर्ची बंकरचा पांढरा शर्ट आणि त्याची बायको एडिथचे घरगुती फ्रॉक बघा. बाहेर व्हिएतनाम युद्ध, वंशद्वेष, स्त्रीमुक्ती यांवर देश पेटलेला असताना हा माणूस आपल्या खुर्चीत जुन्या फोटोतला असल्यासारखा बसतो. त्याची मतं कालबाह्य आहेत हे जावई मायकल ओरडून सांगतो, पण त्याआधी ते भिंतींनी आणि शर्टाने सांगितलेलं असतं. आणि तो शर्ट स्वच्छ असतो, इस्त्रीचा असतो. तेवढ्याने आर्चीचा स्वाभिमानही शिल्लक राहतो आणि प्रेक्षक त्याला केवळ खलनायक ठरवू शकत नाहीत.

आता फाँझीकडे वळू, कारण या सगळ्या भांडणांत त्याचं भांडण सर्वांत बोलकं आहे. 'हॅपी डेज' १५ जानेवारी १९७४ रोजी एबीसीवर सुरू झाली. मिलवॉकी शहर, पन्नाशीचं दशक, मध्यवर्ती पात्र रिची कनिंगहॅम हा सरळमार्गी मुलगा. आर्थर फाँझरेली ऊर्फ फाँझी हा त्याच्या अवतीभवती असणारा गॅरेजमधला पोरगा, भूमिका छोटी. ती करणाऱ्या हेन्री विंकलरला चामडी जाकीट द्यावं अशी निर्माते गॅरी मार्शल यांची इच्छा होती. एबीसीने नकार दिला. चामडी जाकीट म्हणजे गुंड, आणि कौटुंबिक मालिकेत गुंड चालणार नाही. म्हणून पहिल्या काही भागांत फाँझी फिकट रंगाचं कापडी विंडचीटर घालून वावरतो. ते भाग पाहिले की चूक लगेच दिसते. केस तेच, नट तोच, पण तो शेजारच्या घरातून साखर मागायला आलेला पोरगा वाटतो. मार्शल यांनी मग सुरक्षिततेचा मुद्दा काढला: मोटरसायकल चालवताना पडलं तर चामडं अंग वाचवतं. वाहिनीने ते मान्य केलं, पण अट घातली की जाकीट दिसेल ते मोटरसायकलबरोबरच. मार्शल यांनी लेखकांना सांगितलं, फाँझी असेल त्या प्रत्येक प्रसंगात मोटरसायकल आणा. विंकलरला ती नीट चालवताही येत नव्हती. तरी काही काळ ते यंत्र जाकिटाचं परवानापत्र म्हणून शेजारी उभं राहिलं, आणि पुढे वाहिनीनेच अट सोडून दिली.

इथला आक्षेप नटाच्या बाजूने येतो आणि तो वजनदार आहे. फाँझी हा विंकलरने घडवला, जाकिटाने नव्हे, असं म्हणता येतं. संहितेत त्याने आरशासमोर केस विंचरावेत असं लिहिलेलं होतं. विंकलरने कंगवा उचलला, आरशात पाहिलं आणि हात थांबवला, कारण केस आधीच उत्तम होते. ही सूचना कुठल्याही शिंप्याची नव्हती. नटाचं महत्त्व नाकारणं वेडेपणाचं ठरेल. 'डिक व्हॅन डाइक शो'चीच गोष्ट घ्या. त्याचा पहिला अवतार 'हेड ऑफ द फॅमिली' या नावाने १९६० साली रायनर यांनी स्वतः नायक होऊन केला होता आणि तो चालला नाही. नटसंच बदलल्यावर तीच कल्पना बहरली. पण आरशासमोरचा तो थांबलेला हात ज्या माणसाचा आहे, त्याला समाज काय समजतो हे आधी ठरलेलं असावं लागतं. विंडचीटरमधल्या मुलाने तसं केलं तर तो फक्त स्वतःवर खूश असलेला पोरगा. चामड्यातल्या मुलाने केलं की गंमत वेगळी होते, कारण प्रेक्षक त्याच्याकडून मारामारीची अपेक्षा करत असतात आणि तो मारामारी करत नाही. फाँझीचा सगळा विनोद या अंतरावर उभा आहे: कपडा धाक घालतो आणि माणूस रिचीच्या आईपुढे आदबीने वागतो. एबीसीने जाकिटात जी गुंडगिरी पाहिली होती ती काल्पनिक नव्हती, ती विनोदाला लागणारा कच्चा माल होती. ती काढून घेतली असती तर विंकलरच्या सौजन्याला विरोधी बाजूच उरली नसती. नट ते अंतर पार करतो, पण पार करायला अंतर लागतं, आणि ते कपडेपटातून येतं.

१९७६-७७च्या हंगामात 'हॅपी डेज' अमेरिकेतली पहिल्या क्रमांकाची मालिका होती आणि रिचीऐवजी फाँझी तिचा चेहरा झाला होता. १९८० साली त्याचं एक जाकीट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देण्यात आलं. त्याआधी, १९७८ मध्ये, आर्ची आणि एडिथच्या खुर्च्या तिथे गेल्या होत्या. पण आखलेल्या हद्दीला दुसरी बाजूही असते, आणि ती या मालिकेनेच दाखवली. सप्टेंबर १९७७मध्ये पाचव्या हंगामाच्या सुरुवातीला फाँझी हॉलिवूडला जातो आणि पैज म्हणून पाण्यावरच्या स्कीवरून शार्क माशावर उडी मारतो. त्या प्रसंगात त्याच्या कमरेला पोहण्याची चड्डी आहे आणि वर चामडी जाकीट आहे. समुद्रात, भर उन्हात, ओल्या अंगावर. मालिकेचा बहर ओसरल्याची खूण म्हणून हा प्रसंग पुढे इतका गाजला की 'शार्कवरून उडी मारणं' हा इंग्रजीत वाक्प्रचार झाला, आणि लोक त्यात दोष देतात तो अचाट कथानकाला. मला दोष जाकिटात दिसतो. तीन वर्षांपूर्वी ज्या वाहिनीने ते मोटरसायकलीशिवाय दाखवू दिलं नव्हतं, तिच्याच पडद्यावर आता त्याच्याशिवाय फाँझी दाखवायची कुणाची हिंमत नव्हती. जाकिटात दडलेला धाक संपला होता, कारण सगळ्या देशाचं त्यावर प्रेम जडलं होतं. धाक संपल्यावर सौजन्याची गंमत राहिली नाही, आणि लेखकांना ती कमतरता भरून काढायला शार्क आणावा लागला.